पहिला टॅरँटुला: धुऱ्यावरचा की विकतचा?

प्रश्न: मी बारावीला आहे, गाव दारव्ह्याजवळ. टॅरँटुला पाळायचाय. आमच्या धुऱ्यावर बिळात मोठा केसाळ कोळी आहे, तोच डब्यात ठेवला तर चालेल का, की विकत घेऊ? आई घरात नको म्हणते.

उत्तर: भाऊ, धुऱ्यावरचा तिथेच राहू दे. आपल्याकडचे हे कोळी लय चपळ, आणि यांचं विष अमेरिकेकडच्या टॅरँटुलांपेक्षा जास्त त्रास देतं, चावला तर खूप दुखतं, सूज येते, कधी स्नायूंत गोळेही येतात. नवशिक्याचं काम नाही ते.

पहिला घ्यायचा तर कर्ली हेअर जातीचा टॅरँटुला घे. मूळचा मध्य अमेरिकेतला, संथ, जमिनीवर राहणारा. चिडला की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतो, कातडीला खाज सुटते आणि डोळ्यात गेले तर लय वाईट, म्हणून डब्यात तोंड घालून बघायचं नाही. हातावरही घेऊ नको, हातातून खाली पडला तर पोट फुटून मरू शकतो. डबाही त्यामुळे बुटकाच हवा, त्यात कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) जाड थर आणि पाण्याची छोटी वाटी, बस.

कागद मात्र बघ. ही जात सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे आणि २०२२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर घेऊच नको.

आता आपल्या भागातली खरी अडचण, मे महिना. याला २५-२८ डिग्री मानवते आणि आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली डबा ठेवला तर दुपारीच खलास. मातीच्या भिंतीची खोली असेल तर तिथे खाली कोपऱ्यात ठेव, कूलरच्या झोतात नको.

खायला आठवड्यातून एखादा रातकिडा किंवा झुरळ पुरतं, पण पऱ्हाटीतून पकडून आणलेला किडा कधीच नको, फवारा मारलेल्या वावरातला एक किडाही त्याला मारू शकतो. घरात झुरळाचा स्प्रे मारायचा तर त्या खोलीत अजिबात नाही. कात टाकताना तो पाठीवर उलटा पडतो, मेला समजून हात लावू नको, तासन्‌तास तसाच राहतो, आणि नंतर दात कडक होईपर्यंत काही दिवस खायलाही द्यायचं नाही.

आईचं म्हणशील तर तिला आधीच खरं सांग, मादी वीसेक वर्षं जगते. तू उद्या कॉलेजला अमरावतीला नाहीतर नागपूरला गेलास की वाटीत पाणी तिलाच घालावं लागणार, तिने मनापासून हो म्हटलं तरच आण.