स्विच कोणाच्या हातात आहे, ते आधी पाहा

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझ्या चार वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले आहे. ऐकण्याची तपासणी व्यवस्थित आली, पण बोलतो मोजकेच शब्द. मिक्सर लागला किंवा कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळतो, नखे कापताना दोघांना धरावे लागते, झोपाळ्यावर मात्र तासन्‌तास रमतो. एका थेरपी केंद्राने त्याला आपल्या सेन्सरी रूममध्ये, म्हणजे मंद उजेडाच्या, रंगीत दिव्यांच्या खोलीत, वीस मिनिटे बसवले. रंगीत बुडबुड्यांच्या नळीसमोर तो इतका शांत झाला की मला रडू आले. आता ते वर्षभराचे एक लाख ऐंशी हजार रुपये आगाऊ मागत आहेत. त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागेल आणि स्पीच थेरपी थांबवावी लागेल. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला, पोराला अंधाऱ्या खोलीत बसवायला पैसे कशाला घालवता? यजमान काहीच बोलत नाहीत. काय करावे?
— एक आई

उत्तर :

प्रिय ताई,

ठेव मोडू नका, आणि स्पीच थेरपी तर मुळीच थांबवू नका. हे आधीच स्पष्ट लिहिते, कारण केंद्राने तुम्हाला बहुधा लवकर निर्णय घ्यायला सांगितले असेल. त्या वीस मिनिटांत तुम्ही जे पाहिले ते खरे होते, याबद्दल मला शंका नाही. आवाज आणि स्पर्श यांनी दिवसभर हैराण होणाऱ्या मुलाला मंद उजेडाच्या, गोंगाट नसलेल्या खोलीत नेले की त्याच्या जिवाला विसावा मिळतो आणि तो विसावा त्याच्या हक्काचा आहे. मात्र त्या खोलीत मिक्सर नव्हता, नेलकटर नव्हते, ओळीने गाल ओढणारे पाहुणे नव्हते. तिथली शांतता घरच्या स्वयंपाकघरापर्यंत त्याच्याबरोबर येईल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि केंद्राने पैसे मागताना त्याचे उत्तर तुम्हाला दिलेले दिसत नाही.

अशा खोल्यांची सुरुवात 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये झाली. एडे गावाजवळच्या एका निवासी संस्थेत यान हुल्सेगे आणि आद वेरहेउल यांनी तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांसाठी प्रकाश, आवाज, गंध आणि स्पर्श यांची दालने उभी केली. त्या माणसांना विरंगुळा मिळावा, मन निवांत व्हावे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्याच सुमारास अमेरिकेत जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या) बाईंनी 'सेन्सरी इंटिग्रेशन' ही उपचारपद्धती मांडली. तिच्यात मूल झोके घेते, चढते, ढकलते, लोंबकळते, आणि थेरपिस्ट त्याच्या खेळात शिरून आव्हान थोडे थोडे वाढवत नेते. पहिल्या प्रकारात मूल बहुतेक वेळ बसून पाहते, दुसऱ्यात ते स्वतः काही करते. पुष्कळ केंद्रांच्या पाटीवर मात्र दोन्ही एकाच नावाखाली येतात, म्हणून आपण नेमके कशाचे पैसे भरतो आहोत हे तुम्ही विचारलेच पाहिजे.

संशोधन काय सांगते, तेही सांभाळून सांगते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली डॉक्टरांना कळवले की सेन्सरी इंटिग्रेशनच्या परिणामकारकतेचे पुरावे मर्यादित आहेत, हे पालकांना मोकळेपणाने सांगावे, आणि ही थेरपी द्यायचीच असेल तर ती सर्वांगीण उपचारांचा एक भाग म्हणून, ठरावीक मुदतीत उपयोग होतो का हे तपासत द्यावी. ब्रिटनमध्ये 4 ते 11 वर्षांच्या 138 ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ही थेरपी मिळालेल्या आणि नेहमीची मदत मिळालेल्या मुलांच्या चिडचिडीत एकंदरीने म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. काही मुलांना फायदा होतो, हे मी नाकारत नाही. परंतु वर्षभराची रक्कम आगाऊ भरावी इतका भक्कम आधार कोणाकडेच नाही.

याहून मोलाची गोष्ट वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांना सेन्सरी रूममध्येच दिसली. त्यांनी 4 ते 12 वर्षांच्या 41 ऑटिस्टिक मुलांना अशा खोलीत दोन प्रकारे खेळू दिले : काही वेळा उपकरणांचे बटण मुलांच्या हाती होते, काही वेळा नव्हते. बटण स्वतःच्या हाती असताना मुलांचे लक्ष अधिक लागले आणि तीच तीच हालचाल करणे, तेच ते आवाज काढणे कमी झाले. यांतली बरीच मुले तुमच्या मुलापेक्षा मोठी होती आणि निरीक्षण खोलीच्या आतले होते, बाहेरचे नव्हते, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी. तरीही त्या वीस मिनिटांकडे या नजरेने पुन्हा पाहा. नळीचा रंग कोण बदलत होते? थेरपिस्ट त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती, की दाराशी उभी राहून तुमच्याशी पॅकेजबद्दल बोलत होती? रंग बदलावा म्हणून त्याने कोणाचा हात धरला, कोणाकडे वळून पाहिले, असे एकदा तरी घडले का? मूल एकटेच दिव्यांकडे टक लावून बसत असेल, तर त्या शांततेसाठी इतकी किंमत मोजू नये, असे माझे ठाम मत आहे.

केंद्र आवडलेच असेल, तर महिन्याच्या महिन्याला पैसे भरून तीन महिन्यांसाठी जा. मुलाला प्रत्यक्ष कोण हाताळणार आणि त्या व्यक्तीकडे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी आहे का, हे विचारा. घरी दिसेल असे एकच उद्दिष्ट लेखी ठरवून घ्या, उदाहरणार्थ, एकाच माणसाच्या मदतीने, न किंचाळता त्याची एका हाताची नखे कापता यावीत. 'सेन्सरी प्रोसेसिंग सुधारेल' हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते साधले की नाही हे तुम्हाला कधीच पडताळता येणार नाही. आणखी एक, त्याला कधी फिट आली असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्यांपुढे बसवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि काहींना तशा प्रकाशाने झटका येऊ शकतो.

आता सासूबाईंविषयी. मूल आपोआप बोलेल म्हणून थांबावे, हे त्यांचे म्हणणे मानू नका. निदान झाले आहे आणि या वयातली मदत पुढे ढकलण्यासारखी नाही. पण नातवाला झोपाळ्यावर घेऊन बहुधा त्याच बसत असतील, आणि तिथे त्यांच्याइतकी मदत दुसरे कोणी करू शकणार नाही. त्यांना सांगा : चार झोके द्यायचे, पाय टेकवून झोपाळा थांबवायचा आणि काही न बोलता त्याच्या तोंडाकडे पाहत वाट पाहायची. तो पाहील, हात ओढेल, अंग हलवेल, कदाचित 'अजून' म्हणेल. यांतले काहीही केले की लगेच पुढचा झोका. मागितले की मिळते हा अनुभव दिवसातून अनेकदा येणे, बोलणे उमलण्यासाठी फार आवश्यक असते. तुमच्या स्पीच थेरपिस्टला हे दाखवा, म्हणजे आजींची खटपट आणि तिचे काम एका दिशेने चालेल.

मिक्सरचेही तसेच करून पाहा. 'आता आवाज होणार' असे आधी सांगा, पहिले काही दिवस त्याला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या, आणि तो तयार दिसेल तेव्हा भांडे रिकामे ठेवून, तुमचा हात झाकणावर असताना, बटण त्याला फिरवू द्या. अचानक अंगावर येणारा आवाज आणि आपण केलेला, आपणच बंद करू शकतो असा आवाज यांत त्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक असतो. तो तयार नसेल तर हट्ट धरू नका.

कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात जाड गोधडी, दोन उशा, गडद पडदा आणि त्याच्या आवडीची एखादी वस्तू ठेवली तर घरच्या पुरती सेन्सरी रूम तयार होते. गोधडी त्याची त्याला बाजूला सारता आली पाहिजे आणि तोंडावर येता कामा नये. तिथे जायचे केव्हा आणि बाहेर यायचे केव्हा, हे तो ठरवील. शिक्षा म्हणून त्याला तिथे एकदाही बसवू नका, नाहीतर तो कोपरा त्याला परका होईल. नवरात्रात किंवा उत्तरायणाला गच्चीगच्चीवर स्पीकर लागतात तेव्हा आवाज कमी करणारे हेडफोन आधीपासून सवयीचे करा, आणि त्याने हात ओढताच घरी परता. नातेवाईक काय म्हणतील याचा विचार त्या वेळी करू नका.

यजमानांचे मौन मला नाराजीपेक्षा भीतीचे वाटते. त्यांना एका सेशनला स्वतः मुलाबरोबर आत बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. हिशेबाचे कामही त्यांच्याकडे द्या. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. सयाजी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जाऊन त्यांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रक्रिया विचारावी, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कोणत्या थेरपी विनामूल्य मिळतात याचीही चौकशी करावी. प्रमाणपत्र हाती आले की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या 'निरामय' योजनेत नाव नोंदवता येते. तिच्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण आहे आणि त्यात थेरपीच्या खर्चासाठीही ठरावीक रक्कम राखलेली असते. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून केंद्राला उत्तर देण्याआधीच हा अर्ज मार्गी लावा.