किनाऱ्यावर फुटबॉल शिकवायचा तर आधी ओहोटी बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. देवगडजवळच्या वाडीत पंधरा-सोळा पोरं, त्यात तुमचा दहा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी, सगळ्यांना फुटबॉलचं वेड लागलंय पण कोच नाही, मैदान नाही, समोर फक्त किनारा, आणि तुम्ही विचारताय की बेसिक स्किल्स कुठून सुरू करायची, नियम कोणते आधी सांगायचे आणि वाळूवर शिकलेली पोरं पुढे गवतावर खेळू शकतील का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो, शंभर टक्के खेळू शकतील, फक्त किनाऱ्यावर कुठे आणि कधी खेळता यावर सगळं आहे. मी मालवणकडे बरीच वर्षं पोरांना खेळवतोय त्यामुळे हे अगदी ठामपणे सांगतो.

किनाऱ्यावर खरं तर दोन मैदानं असतात. वर सुरूच्या झाडांच्या बाजूला कोरडी भुसभुशीत वाळू आणि खाली ओहोटीला उघडी पडणारी ओली घट्ट पट्टी. पोरं बहुतेक वेळा वरच खेळतात कारण ती जागा कायम मोकळी असते, पण तिथे बॉल घरंगळतच नाही, चार पावलांवर रुततो, मग पोरं जोरात लाथ मारायला लागतात आणि काही महिन्यांनी सगळ्यांना फक्त लाथच मारता येते. पासिंग, बॉल थांबवणं, ड्रिब्लिंग (बॉल पायाशी ठेवून पळणं) हे सगळं जमिनीवरून सरळ येणाऱ्या बॉलवरच बसतं, म्हणून सुरुवात ओल्या पट्टीवर करा.

आता ती पट्टी रोज एका वेळी मिळत नाही, भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हे तुम्हाला माहितीच आहे. आपल्याकडे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी ओहोटी, शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांब जातं आणि पट्टी मस्त रुंद मिळते. ते तीन-चार दिवस अजिबात वाया घालवू नका, मॅचेस तेव्हाच घ्या. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते, तेव्हा वरच्या वाळूतलं काम करायचं (ते पुढे सांगतो) किंवा शाळेच्या पटांगणावर जायचं. म्हणजे प्रॅक्टिसचं टाइमटेबल वाराप्रमाणे न लावता तिथीप्रमाणे लावा, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागणार असेल त्या दिवशी जागा सोडा आणि खेळायच्या आधी पोरांना एका रांगेत उभं करून अख्खी पट्टी चालायला लावा, फुटक्या शिंपल्या, काच, तुटलेल्या जाळ्याचे तुकडे, गळ, सगळं उचलून घ्यायचं कारण सगळे अनवाणी असणार आहेत. पावसाळ्यात किनारा बंद, त्यावर चर्चाच नको.

मैदान किनाऱ्याला समांतर आखा, म्हणजे गोल उत्तर-दक्षिण येतात आणि संध्याकाळचं ऊन कोणाच्याच गोलकीपरच्या थेट डोळ्यात जात नाही. उतार समुद्राकडे असतो त्यामुळे बॉल सारखा एका बाजूला पळतो, हाफटाइमला बाजू बदलली की तोच उतार डाव्याचा उजव्या हाताला येतो, आणि पोरांना आपोआप दोन्ही पाय वापरावे लागतात.

पहिलं स्किल पास, पायाच्या आतल्या बाजूने, आणि इथे ओल्या वाळूसारखा दुसरा कोच नाही. दोघांना आठ-दहा पावलांवर समोरासमोर उभं करा. पास मारताना जो पाय जमिनीवर टेकलेला असतो त्याचा ठसा वाळूत उमटतो. पास मारून झाला की पोराला हलू न देता तो ठसा बघायला सांगा. ठसा बॉलच्या जागेच्या शेजारी साधारण वीतभर अंतरावर असायला हवा आणि अंगठ्याची दिशा समोरच्या मित्राकडे. पास वाकडा गेला असेल तर दहात आठ वेळा ठसाही वाकडाच असतो, आणि ठसा बॉलच्या मागे राहिला असेल तर अंग मागे झुकलेलं असतं आणि बॉल उडालेला असतो. पोरांना ओरडून सांगायची गरजच पडत नाही, स्वतःच वाकून बघतात आणि पाय नीट ठेवायला लागतात. मारणारा पाय बाहेर वळवलेला, घोटा घट्ट, बोटं किंचित वर, आणि मारून झाल्यावर पाय मित्राच्या दिशेने पुढे जायला हवा. उजव्याने जेवढे तेवढेच डाव्याने, यात सूट देऊ नका.

मग फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं. माझ्या मते हेच सगळ्यात मोठं स्किल आहे आणि आपल्याकडे हेच सगळ्यात कमी शिकवतात. बॉल येताना पाय ताठ ठेवला तर तो उसळून लांब जातो, त्यामुळे बॉल पायाला लागायच्या क्षणी पाय थोडा मागे घ्यायचा. पण बॉल पायाखाली मेला पाहिजे असं शिकवू नका, पुढच्या पासला सोयीचा होईल असा अर्धं पाऊल बाजूला घ्यायला शिकवा, आणि बॉल पोचायच्या आधी एकदा मान वळवून मागे कोण आहे ते बघायची सवय लावा. यासाठी चार जण चौकोनात आणि एक मध्ये, मधल्याने बॉल अडवायचा, ज्याचा पास अडला तो मध्ये. हे रोज पंधरा मिनिटं खेळवलं तरी दोन महिन्यांत फरक दिसतो.

ड्रिब्लिंगमध्ये तुमच्या वाडीतली कबड्डीवाली पोरं पुढे असणार बघा, रेडरला खांदा एका बाजूला पाडून दुसरीकडे निघायची हूल आधीच येते, गुडघे वाकलेले असतात, नजर समोरच्यावर असते. त्यांना फक्त बॉल पायाजवळ ठेवायला, दर पावलाला हलका स्पर्श करायला शिकवायचं.

आणि कृपा करून अकरा-अकराच्या मॅचच्या मागे लागू नका. सगळ्यांना एकाच बॉलमागे सोडलं तर लाजरी पोरं तासाभरात बॉलला दोन-चार वेळाच शिवतात आणि मग यायची बंद होतात, मुली तर पहिल्या बंद होतात. चार-चारच्या टीम करा, दोन छोटी मैदानं, लहान गोल, दहा मिनिटांत टीम बदला. शूटिंग मागाहून आपोआप येतं, त्याची तशीही सगळ्यांना हौस असते. हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, मात्र लहानांना नकोच, अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं, डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांमुळे. तुमच्या मुलाच्या वयाला हे लागू आहे.

कोरड्या वाळूचं काम म्हणजे बॉल पायाच्या बोटांवर उचलून हवेत ठेवणं, हवेतल्या हवेत पास, व्हॉली (बॉल खाली टेकायच्या आत मारणं), छातीवर घेणं आणि गोलकीपरच्या डाइव्ह, पडलं तरी लागत नाही म्हणून पोरं बिनधास्त उड्या मारतात. बीच सॉकर हा फिफाचा स्वतंत्र प्रकारच आहे, एका बाजूला पाच जण, अनवाणी, १२-१२ मिनिटांचे तीन भाग, ऑफसाइड नाही, बरोबरीत मॅच संपत नाही. आपल्या देशात याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा २०२३ मध्ये सुरतच्या डुमस किनाऱ्यावर झाली आणि केरळ जिंकलं. कोकणची पोरं तिथे का नसावीत असं मला मनापासून वाटतं.

आता नियम. पुस्तकात एकूण १७ आहेत पण पहिल्या दिवशी तीनच सांगा. हात लावायचा नाही, धक्का-पाडापाडी-लाथ नाही, आणि बॉल संपूर्ण रेषेपलीकडे गेला तरच बाहेर, रेषेला थोडा जरी टेकलेला किंवा वरती असला तरी खेळ चालू. गोललाही हेच. भांडणं निम्मी इथेच मिटतात, काठीने रेघ मात्र ठसठशीत ओढा. मग थ्रो-इन, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला बॉल आत फेकणं, दोन्ही हातांनी, डोक्यामागून डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आणि रेषेवर किंवा बाहेर. आपल्याकडची पोरं क्रिकेटमुळे एका हाताने फेकतात, आठवडाभर लक्ष ठेवावं लागतं. थ्रो-इनवरून थेट गोल होत नाही. नंतर कॉर्नर आणि गोलकिक, बॉलला शेवटचा पाय बचाव करणाऱ्याचा लागून तो गोलरेषेबाहेर गेला तर कॉर्नर (हल्ला करणाऱ्यांची कोपऱ्यातून किक), हल्ला करणाऱ्याचा लागला तर गोलकिक (बचाव करणाऱ्यांची गोलसमोरून किक). गोलकीपरला दोन गोष्टी, आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही (हा नियम १९९२ पासून), आणि हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, २०२५ पासून त्याची शिक्षा म्हणजे समोरच्यांना कॉर्नर, आधी हे सहा सेकंद होतं त्यामुळे जुनी माणसं वाद घालतील.

ऑफसाइड सगळ्यात शेवटी, छोट्या मॅचमध्ये त्याची गरजच नाही. मोठ्या मैदानावर खेळायची वेळ आली की असं करा. मॅच चालू असताना कोणी पुढे पास मारला की त्याच क्षणी शिट्टी वाजवा आणि सगळ्यांना जागच्या जागी थांबवा. बचाव करणाऱ्या टीमचा शेवटून दुसरा खेळाडू शोधा, गोलकीपर धरून, आणि त्याच्यापासून वाळूत आडवी रेघ ओढा. पास ज्याला द्यायचाय तो समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्याही पुढे आणि त्या रेघेच्याही पुढे असेल तर ऑफसाइड पोझिशनमध्ये आहे. रेघेवर बरोबरीत असेल तर चालतं, आणि हात धरत नाहीत, डोकं, अंग आणि पायच बघायचे. नुसतं तिथे उभं राहणं फाउल नाही, खेळात भाग घेतला किंवा कोणाला अडथळा केला तरच. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड नसतो. पाच-सहा वेळा रेघ ओढली की पोरं स्वतःच सांगायला लागतात.

बॉल चार नंबरचा घ्या, आठ ते बारा वयाला तोच, पाच नंबर ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, अनवाणी लहान पायाला जड पडतो. हवा थोडी कमी ठेवा आणि रोज गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा, खाऱ्या पाण्याने शिलाई लवकर जाते. बुटांची घाई नको, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी खेळले आणि २-१ ने हरले तरी बरोबरीची झुंज दिली. पण शाळेचं पटांगण जांभ्या दगडाचं असेल तर तिथे साधे कॅनव्हास बूट तरी हवेतच, कातळावर बोटं सोलवटून निघतात. स्पर्धेला न्यायचं ठरलं की महिनाभर आधी स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट घालून सराव करा, सवय नसली तर पहिल्याच मॅचला टाचेला फोड येतात. आणि शिट्टी दर मॅचला वेगळ्या पोराकडे द्या, तुमच्या मुलीकडे आधी, रेफरी झालेलं पोर नियम कधी विसरत नाही.