आधी वायर बघा, मग कॉम्प्युटरला शिव्या द्या (विंडोज ९८ आणि डायल-अपच्या काळातली पत्रं)

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रडगाणं, नेट लागत नाही. म्हणून हा महिना सगळा डायल-अपला, म्हणजे मोडेम नावाच्या यंत्राने फोनच्या लाइनवरून लागणाऱ्या नेटला, प्रिंटरवाल्यांनी रागावू नका, तुमची पत्रं पुढच्या अंकात नक्की घेतो.

प्रश्न: पुण्याच्या भावाने त्याचा जुना कॉम्प्युटर दिलाय, विंडोज ९८, आतमधे मोडेम आहे. नेटचा पॅक (ठरावीक तासांचं नेट) आणला, सगळं भरलं, पण डायल केलं की एरर ६८०, डायल टोन (फोन उचलल्यावर येणारा आवाज) नाही म्हणतो. फोन तर मस्त चालू आहे. मोडेम गेला का? – एक वाचक, कराड

उत्तर: नवीन मोडेम घ्यायला पळू नका हो. कॉम्प्युटरच्या मागे मोडेमला दोन सारखीच भोकं दिसतील, एकावर लाइन लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर फोन, भिंतीकडून येणारी वायर लाइनमधेच गेली पाहिजे, फोनच्या भोकात तुमचा टेलिफोन. माझ्या पहिल्या मोडेमला मी ही वायर उलटी लावली होती आणि दीड दिवस ड्रायव्हर (मोडेम चालवणारा प्रोग्रॅम) टाकत आणि काढत बसलो होतो, एका दुकानदाराने तर मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं. वायर बरोबर असेल तर तीच वायर मोडेममधून उपसून फोनला लावा आणि रिसीव्हर कानाला लावा, टोन आली नाही तर वायरच खराब आहे, नवीन आणा, फार पैसे लागत नाहीत.

टोन येते तरी ६८०? मग कंट्रोल पॅनलमधे मोडेम्स उघडा, डायग्नॉस्टिक्समधे मोडेमचा पोर्ट निवडून मोअर इन्फो दाबा. खाली दोनचार ओळी उत्तर आलं तर मोडेम जिवंत आहे. नुसती एरर आली तर घोळ ड्रायव्हरचा, म्हणजे भावाला फोन करून मोडेमची सीडी शोधायला सांगा, हे आतले स्वस्त मोडेम अर्धं काम सॉफ्टवेअरवर ढकलतात, त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर ते नुसतं पत्र्याचं तुकडं. आणि मोडेम जिवंत असूनही त्याला टोन ऐकू येत नसेल तर मोडेमच्याच प्रॉपर्टीजमधे कनेक्शनच्या पानावर 'डायल टोनची वाट बघा' अशा अर्थाची टिक असते ती काढून टाका. त्याला शिकवलेली टोन आणि आपल्या टेलिफोन एक्स्चेंजची टोन जुळत नाही असं होतं कधीकधी.

आता पुढचा खड्डा आत्ताच सांगून ठेवतो. नवीन कनेक्शन बनवताना विंडोज एरिया कोड विचारतं, तुम्ही प्रामाणिकपणे ०२१६४ लिहिणार, मग ते पठ्ठं तुमच्याच गावातला नंबर एसटीडी (बाहेरगावचा महाग कॉल) लावल्यासारखा फिरवणार आणि तुम्ही मला परत पत्र लिहिणार. एरिया कोड वापरायची टिक काढा, नंबर आहे तसा लिहा. पॅकवरचा नंबर तुमच्याकडून लोकल लागतो का हे मात्र आधी एक्स्चेंजला विचारून घ्या, मोठ्या शहरातला नंबर टाकून एसटीडीवर नेट बघणारे लोक मला माहितीयेत. त्याच कनेक्शनच्या सर्व्हर टाइप्समधे फक्त टीसीपी/आयपी (नेटवर बोलायची पद्धत) ठेवा, बाकीचे प्रोटोकॉल (अशाच इतर पद्धती) आणि नेटवर्कवर लॉग ऑन करायची टिक काढली की पासवर्ड तपासताना जो वेळ जातो तो बराच कमी होतो.

प्रश्न: माझं कनेक्शन आधी १,१५,२०० ने लागायचं, दुकानदाराने मोडेम बदलला तर आता ३१,२०० दाखवतंय आणि पावसात तर सारखं तुटतं. फसवलं का मला? – एक वाचक, लातूर

उत्तर: नाही, उलट आधीचा आकडा खोटा होता. १,१५,२०० हा तुमच्या कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातला वेग, घरातल्या घरातला. साध्या फोनलाइनवर डायल-अपने ५६ केच्या (सेकंदाला ५६ हजार बिट) वर काही जात नाही, आणि ते ५६ पण नेटवरून तुमच्याकडे येताना, तुमच्याकडून जाताना व्ही.९० (५६ के वाल्या) मोडेमला ३३.६ च. त्यालाही अट आहे, एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंतचा एवढा तुकडाच अ‍ॅनालॉग पाहिजे (पुढचं सगळं डिजिटल), मधे ऑफिसची ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारी पेटी) आली की येणारा वेग पण ३३.६ वर अडकतो. ४४ वगैरे मिळालं तर खूष व्हा, त्यात एक एमबीची फाइल साधारण तीनचार मिनिटांत उतरते.

पण ३१ आणि वरून तुटणं, म्हणजे लाइनमधे खरखर आहे. रात्री सगळं शांत असताना फोन उचला, एक आकडा दाबा म्हणजे टोन जाईल, आणि ऐका. आपल्याला बोलताना जी खरखर जाणवत नाही ती मोडेमला पुरते. पावसात वाढते म्हणजे बहुतेक बाहेरच्या जॉइंटमधे पाणी जातंय, लाइनमनला नेट स्लो आहे असं सांगू नका, तो म्हणणार ते आमचं काम नाही, फोनवर आवाज खराब येतो एवढंच सांगा. तो यायच्या आत घरातला पॅरलल (त्याच लाइनवरचा दुसरा) फोन काढून बघा, स्वयंपाकघरात नेलेली ती वीस फूट पिळलेली वायर पण. कॉल वेटिंग (बोलताना दुसरा फोन आल्याचं कळवणारी सोय) असेल तर ते एक्स्चेंजकडून बंद करून घ्या, त्या टुक टुक आवाजाने सुद्धा लाइन तुटते.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला असतो. तो नातवाचे फोटो ईमेलने पाठवतो. ते यायला अर्धा तास लागतो आणि फोनचं बिल पाहून बायको कॉम्प्युटर विकायला निघाली आहे. – एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: काका, तुमचा पॅक संपला नाही म्हणजे खर्च झाला नाही असं नसतं, पॅकचे तास वेगळे आणि फोनचे कॉल वेगळे, मीटर दोन्हीकडे पळतं. मुलाला सांगा फोटो ६४० बाय ४८० करून पाठव. त्याच्याकडे ब्रॉडबँड आहे, त्याला कळतच नाही की त्याचा एक फोटो म्हणजे तुमची दोनतीन मिनिटं, असे दहा फोटो म्हणजे गेला अर्धा तास. आणि तुम्ही पत्र लिहिताना लाइन चालू ठेवता ना? बहुतेक सगळे ठेवतात. आउटलुक एक्सप्रेस हा ईमेलचा प्रोग्रॅम घ्या, सावकाश ऑफलाइन लिहा, मग कनेक्ट करा, सेंड-रिसीव्ह दाबा, त्याच्याच ऑप्शन्समधे पत्रं आली गेली की फोन ठेवून द्यायची सोय आहे ती टिक करा. आलेली पत्रं मग काकूंबरोबर निवांत वाचा, मीटर बंद.

प्रश्न: एरर ६९१ आणि ६७८ म्हणजे काय? – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर: ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला, कॅप्स लॉक बघ, शून्य आणि ओ बघ, आणि पॅकची मुदत संपली तरी कधीकधी हेच येतं. ६७८ म्हणजे पलीकडून मोडेमने उत्तरच दिलं नाही, आधी नंबर तपास. ६७६ पण भेटेल तुला, लाइन बिझी, रात्री नऊनंतर तर हमखास, सकाळी लवकर उठून बघ.

प्रश्न: बिलात परदेशातल्या कुठल्यातरी देशाचे आयएसडी कॉल आलेत, आम्ही कुणीच केले नाहीत. फोन खात्यातलं कुणी लाइन वापरतंय का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: असेलही, पण आधी घरात बघा. माय कॉम्प्युटरमधे डायल-अप नेटवर्किंग उघडा, तुम्ही न बनवलेलं कनेक्शन दिसतंय का? एखाद्या साइटवर फुकट काहीतरी उतरवायला यस दाबलं की डायलर नावाचा छोटा प्रोग्रॅम येऊन बसतो, तो तुमची लाइन तोडतो, मोडेमचा आवाज बंद करतो आणि गुपचूप परदेशातला महागडा नंबर लावतो, त्या कॉलच्या पैशात डायलरवाल्यांचा हिस्सा असतो. ते कनेक्शन पुसा, अँटिव्हायरस अपडेट करून फिरवा, नाहीतर परत येईल. आणि आजच एक्स्चेंजमधून आयएसडी बंद करून घ्या, म्हणजे तो कितीही फिरवू दे, लागणारच नाही. घरात कॉलेजातली मुलं असतील तर कुणी यस दाबलं ते ओरडून विचारू नका, कुणी सांगणार नाही. मोडेमचा स्पीकर मात्र चालू ठेवा, तो किर्रर्र आवाज नको त्या वेळी आला तर घरभर कळतं.