जीन चालू आहे, तरी प्रथिन कमी कसं?

तुम्ही विचारलंय की जीन चालू असला तर प्रथिन बनणारच, मग स्प्लायसिंगने (म्हणजे कच्च्या आरएनएच्या कापणी-जोडणीने) आणि आरएनए, म्हणजे जीनवरून उतरलेला संदेश, किती टिकतो याने काय बिघडतं? बरंच बिघडतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आमच्याकडे ‘जिन’ म्हटलं की पोरांना आधी जिनिंगचा कारखाना आठवतो, त्यामुळे उपमा आयतीच मिळते. जीनवरून उतरलेला कच्चा आरएनए म्हणजे वेचलेला कापूस. इन्ट्रॉन, म्हणजे काढून टाकायचे तुकडे, ही सरकी; एक्झॉन, म्हणजे ठेवायचे तुकडे, ही रुई. सरकी काढून रुई जोडली की संदेश तयार. फक्त कुठली रुई ठेवायची, हे पेशीगणिक बदलतं. एकाच जीनपासून थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन बनतं, चेतापेशीत सीजीआरपी नावाचं वेगळंच काही.

कापणीच चुकली तर? विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, बीटा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं बीटा ग्लोबिन हे प्रथिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार, तेवढा नाही. भारतात त्याचा सर्वांत जास्त आढळणारा दोष बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या अक्षरात असतो: जीच्या जागी सी. जीन चालूच असतो, पण कापायची खूण पुसट होते आणि कात्री शेजारच्या खोट्या खुणांवर चालते. अशा संदेशात मधेच ‘थांबा’ची खूण येते, आणि पेशी बहुतेक वेळा तो संदेशच मोडून टाकते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी आई सिकल वाहक, वडील सिकलच्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये निगेटिव्ह, तरी भाऊ आजारी. घरात नको ते संशय. ती टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन ओळखते, थॅलेसेमिया नाही. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) केल्यावर वडिलांचं हिमोग्लोबिन ए2 वाढलेलं निघालं, म्हणजे ते थॅलेसेमियाचे वाहक. भावाला आईकडून सिकल, वडिलांकडून थॅलेसेमिया, असा उलगडा झाला.

आता टिकण्याचं. ग्लोबिनचा संदेश भलताच चिवट. तांबडी पेशी केंद्रक टाकून देते, नवा संदेश येणं बंद, तरी जुन्यावर एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनत राहतं. उलट सूज आणणाऱ्या टीएनएफच्या संदेशाच्या शेपटाकडे ए आणि यू अक्षरांची दाटी असते. तो लवकर मोडतो. मोडला नाही तर सूज उतरायचीच नाही.

मला स्वतःला लोहाचं उदाहरण आवडतं. लोह कमी पडलं की एक प्रथिन ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या (पेशीत लोह आत घेणाऱ्या प्रथिनाच्या) संदेशाला चिकटून त्याला मोडू देत नाही. रिसेप्टर वाढतात, पेशी जास्त लोह ओढते. लोह पुरेसं झालं की ते प्रथिन सुटतं आणि संदेश मोडतो. यात जीनचा वेग वाढवावा लागलाच नाही.