चिखलातला ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा, हे कसं ओळखायचं?
बोटांच्या पुढे नखांच्या खुणा असतील तर ठसा बहुधा कुत्र्याचा. नखं नसतील आणि ठसा गोलसर असेल तर बिबट्याचा. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, कुत्र्याला ते जमत नाही. मात्र निसरड्या चिखलात बिबट्याही पकडीसाठी नखं बाहेर काढतो, म्हणून मी तळव्याच्या गादीवर जास्त विश्वास ठेवतो. बिबट्याची गादी मोठी, मागच्या कडेला तीन फुगवटे असलेली. कुत्र्याची लहान, त्रिकोणी. कुत्र्याची मधली दोन बोटं जवळपास एका रेषेत येतात, बिबट्याचं त्यातलं एक जरा पुढे असतं. एकाच ठशावरून ठरवू नका, शेजारचे चार-पाच बघा. ठसा ताजा वाटला तर मागावर मात्र जाऊ नका.