गळा बदलला, गिटार तीच

या महिन्याच्या टपालात डूम मेटलवर, म्हणजे हेवी मेटलच्या संथ, जड, काळोख्या प्रकारावर, तीन पत्रं निघाली आणि तिन्ही ‘पॅराडाइज लॉस्ट’ या एकाच इंग्लिश बँडच्या आसपासची. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या तिघांनाच सविस्तर उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘पॅराडाइज लॉस्ट’चा १९९१चा ‘गॉथिक’ हा अल्बम ऐकून अक्षरशः वेडा झालो. मग क्रमाने पुढचे ऐकत गेलो, तर १९९९च्या ‘होस्ट’मध्ये ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) नाही, जड गिटार नाही, नुसते कीबोर्ड. आणि २०१७च्या ‘मेड्युसा’त परत तोच गुरगुरता आवाज! मित्र म्हणतात, पैशासाठी पॉपकडे गेले आणि तिथे जमलं नाही म्हणून घरी परतले. खरं काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पैशाचं शेवटी बोलते. आधी एक काम कर. ‘गॉथिक’चं पहिलंच गाणं लाव आणि गायक निक होम्सच्या गळ्याकडे या वेळी लक्षच देऊ नकोस. खाली अ‍ॅरन एडीची रिदम गिटार जड कॉर्ड धरून बसली आहे. तिच्यावरून जी एक एकटी गिटार सरकत जाते ना, फक्त तिचा माग काढ. ती ग्रेगर मॅकिंटॉशची. माणूस डावखुरा आहे. बहुतेक मेटल बँडमध्ये लीड गिटारवाला आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि सोलो आला की सुसाट सुटतो. हा थांबतही नाही आणि सुटतही नाही. गाणं सुरू झाल्यापासून तो गातच असतो, गायकाच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी. स्वर थेट दाबत नाही. तार ओढत ओढत स्वराजवळ नेतो, किंचित अलीकडे रेंगाळतो आणि मग पोचवतो. आपल्याकडे मींड ऐकून तयार झालेल्या कानाला हे पटकन कळतं.

आता हीच गिटार १९९३च्या ‘आयकॉन’मधल्या ‘एम्बर्स फायर’मध्ये शोध. मग १९९७च्या ‘से जस्ट वर्ड्स’मध्ये. मग २०१५च्या ‘बिनीथ ब्रोकन अर्थ’मध्ये, जिथे सगळं गाणं चिखलातून पाय उचलावेत तसं चालतं. होम्सचा गळा या चारही ठिकाणी वेगळा आहे. गिटार तीच आहे.

ही मंडळी इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्सची. लोकरीच्या गिरण्यांचं गाव, आणि यांच्या लहानपणी त्या गिरण्यांना उतरती कळा लागलेली. १९८८ साली बँड उभा राहिला, नाव घेतलं मिल्टनच्या १६६७च्या महाकाव्याचं. होम्स, मॅकिंटॉश, एडी आणि बासवर स्टीव्ह एडमंडसन हे चौघं तेव्हापासून आजपर्यंत एकत्र आहेत. बदलले ते फक्त ड्रमर. पस्तीसहून जास्त वर्षं चार माणसं एकमेकांना धरून राहिली, हे मला त्यांच्या कुठल्याही अल्बमइतकंच मोलाचं वाटतं.

त्यांचे पहिले दोन अल्बम, १९९०चा ‘लॉस्ट पॅराडाइज’ आणि पुढच्या वर्षीचा ‘गॉथिक’, पीसव्हिल या यॉर्कशायरमधल्याच छोट्या कंपनीने काढले. ब्रॅडफर्डचा ‘माय डाइंग ब्राइड’ आणि लिव्हरपूलचा ‘अ‍ॅनाथेमा’ हेही त्याच कंपनीचे, म्हणून या तिघांचं नाव नेहमी एका दमात घेतात. लीड्स शहर हॅलिफॅक्सच्या शेजारी, आणि ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा गॉथ बँड १९८० साली तिथे जन्मलेला. म्हणजे डेथ मेटलची गुरगुर आणि गॉथची काळोखी उदासी या दोन्ही गोष्टी या पोरांच्या कानावर एकाच वयात पडत होत्या. ‘गॉथिक’मध्ये त्यांनी त्या एकत्र केल्या. स्त्रीचा आवाज आणला, ऑर्केस्ट्राचा थाट आणला. गॉथिक मेटल हे नाव पुढे एका अख्ख्या प्रकाराला मिळालं, त्याचं मूळ इथे आहे.

आता बदलाकडे ये. तू ‘गॉथिक’वरून ‘होस्ट’पर्यंत बहुधा दोन-तीन दिवसांत पोचलास, म्हणून तुला ती दरी वाटली. मला तिथे पायऱ्या दिसतात. १९९२च्या ‘शेड्स ऑफ गॉड’मध्ये ग्राउल सैल पडतो, शब्द कळू लागतात. ‘आयकॉन’मध्ये होम्स ओरडून पण सुरात गातो. १९९५च्या ‘ड्रेकोनियन टाइम्स’मध्ये तो सरळ गातो. १९९७च्या ‘वन सेकंड’मध्ये पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स पुढे येतात, गिटार दोन पावलं मागे सरते. त्याच्या पुढची पायरी ‘होस्ट’.

मी १९९६ साली पहिल्यांदा हा बँड ऐकला, तो एका मैत्रिणीच्या भावाने भरून दिलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. एका बाजूला ‘आयकॉन’, दुसऱ्या बाजूला ‘ड्रेकोनियन टाइम्स’. दोन्ही अल्बम पंचेचाळीस मिनिटांपेक्षा मोठे. त्यामुळे ‘आयकॉन’ माझ्यासाठी ‘ख्रिस्तेंडम’ या गाण्याच्या मध्यात, त्यातल्या स्त्रीच्या आवाजासकट, कट्कन तुटायचा, आणि ‘जेडेड’ नावाचं शेवटचं गाणं सुरू होता होता पट्टी संपायची. कितीतरी वर्षं मी ‘जेडेड’ची ती पहिली काही सेकंदंच ओळखत होते. पुढे सीडीवर ते पूर्ण ऐकलं तेव्हा माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात हातातलं काम खाली ठेवून उभी राहिले होते.

तर ‘होस्ट’. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही फसवल्यासारखं वाटलं होतं. होम्सने केस कापलेले, ईएमआयसारखी बडी कंपनी, आणि आवाज ‘डेपेश मोड’ या कीबोर्डवाल्या पॉप बँडच्या वळणाचा. पण ‘सो मच इज लॉस्ट’ पुन्हा ऐक. चाल कोणाची आहे? तीच मॅकिंटॉशची, खाली येत येत रेंगाळणारी. गिटारऐवजी कीबोर्डच्या अंगाने आली आहे, एवढंच.

आता पैसा. ‘ड्रेकोनियन टाइम्स’ने त्यांना युरोपात, विशेषतः जर्मनीत, मोठं केलं. ज्याला पैसाच हवा असतो तो त्यानंतर तसाच दुसरा अल्बम काढतो, मग तिसरा. यांनी लगेच ‘वन सेकंड’ काढला, आणि तेव्हा ते अजून म्युझिक फॉर नेशन्स या जुन्याच कंपनीकडे होते. म्हणजे वळण आधी आलं, बडी कंपनी नंतर. शिवाय ज्याची लाज वाटते ते माणूस पुरून टाकतो. यांनी २०१८ मध्ये ‘होस्ट’ नव्याने मास्टर करून पुन्हा बाजारात आणला, आणि २०२३ मध्ये होम्स आणि मॅकिंटॉश या दोघांनी ‘होस्ट’ याच नावाचा वेगळा बँड करून इलेक्ट्रॉनिक अल्बम काढला. मला यात कुठे माघार दिसत नाही.

२००१चा ‘बिलीव्ह इन नथिंग’ मात्र मला आजही अधांतरी वाटतो. ना गिटारचा, ना कीबोर्डचा. तिथे तुझ्या मित्रांशी मी थोडीफार सहमत होईन. पुढच्याच वर्षीच्या ‘सिम्बॉल ऑफ लाइफ’पासून गिटार परत जड होऊ लागते, ‘इन रेक्वीएम’ (२००७) आणि ‘ट्रॅजिक आयडॉल’ (२०१२) पर्यंत ती पुन्हा घरची मालकीण होते.

ग्राउल परत आला त्याला मात्र वेगळं कारण आहे, आणि ते तुझ्या मित्रांना जरूर सांग. मॅकिंटॉशचे वडील गेले. त्या दुःखात तो पोरवयात ऐकलेल्या डेथ मेटलकडे वळला, २०१० मध्ये ‘व्हॅलनफायर’ नावाचा वेगळा बँड केला, स्वतः गुरगुरत गायला आणि पुढच्या वर्षी ‘अ फ्रॅजाइल किंग’ हा अल्बम काढला. २०१४ मध्ये होम्सही ‘ब्लडबाथ’ या स्वीडिश डेथ मेटल बँडचा गायक झाला. दोघांचे गळे असे बाहेर तापलेले होते, म्हणून २०१५च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये तो आवाज घरी आला. मग ‘मेड्युसा’, त्यांचा सर्वांत संथ आणि चिकट अल्बम, आणि २०२०चा ‘ऑब्सिडियन’, ज्यात सगळ्या पायऱ्या एकाच घरात दिसतात. २०२५च्या ‘असेन्शन’मध्येही दोन्ही गळे आहेत. कधी होम्स गातो, कधी गुरगुरतो.

प्रश्न : डूम वाजवायचं म्हणून माझ्या गिटारच्या तारा ‘बी’पर्यंत खाली उतरवल्या. आता सगळ्या फ्रेटवर खडखडाट होतो, सूरही टिकत नाही. गिटार बदलू का?
— एक गिटारवादक, रत्नागिरी

उत्तर : गिटार बदलू नका, तारा बदला. तुमच्या गिटारवर नऊ किंवा दहा नंबरचा सेट असणार. तो ‘ई’ला ताणलेला असतो तेव्हा ठीक, पण अडीच स्वर खाली आणला की वाळत घातलेल्या दोरीसारखा झोल खातो. ‘बी’साठी पातळ तार बारा-तेरा आणि सर्वांत जाड तार साठच्या आसपास, असा सेट घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसणार नाही. ती खाच कानशीने थोडी रुंद करावी लागते, पण खोल करायची नाही. हे काम घरी कानस घेऊन करू नका. खोल गेलेली खाच भरून काढायला नवा नट लागतो, हे मी दर महिन्याला बघते. त्यानंतर ट्रस रॉड (मानेच्या आतली दांडी) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, मानेला एक रात्र द्या, आणि मग बाराव्या फ्रेटवर सूर तपासून ब्रिजवरचे सॅडल मागे घ्या.

आणि हा आवाज मुळात सैल तारांतूनच आला आहे. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं गेली. तोही डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या, आणि पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’साठी दीड स्वर खाली उतरला. बोटांना सोपं पडावं म्हणून सैल केलेल्या तारांतून जो जड, काळा आवाज निघाला, त्यावर अख्खं डूम उभं आहे. तुमचा प्रश्न तारांचा आहे, पण हात हळू ठेवा हेही सांगते. सैल तारेवर जोराने पिक मारला की पहिल्या क्षणी सूर वर उडतो. हलक्या हाताने मारा आणि अ‍ॅम्पला काम करू द्या.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची. दिवसभर हाच ‘पॅराडाइज लॉस्ट’ ऐकते. गाण्यांची नावं वाचूनच माझ्या पोटात गोळा येतो, सगळी मरणाची आणि दुःखाची. तिला थांबवू का?
— एक आई, ठाणे

उत्तर : थांबवू नका. तिची झोप, जेवण, मैत्रिणी, शाळा नीट चालू असेल तर गाण्यांच्या नावांवरून घाबरू नका. यांतलं काही तुटलं असेल, ती काही दिवस कोणाशीच बोलत नसेल, तर मात्र गाण्यांशी भांडत न बसता तिला घेऊन डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, आणि लवकर भेटा.

माझ्यापुरतं सांगते. माझे वडील हार्मोनियम दुरुस्त करायचे, दुकान त्यांचंच. ते गेले त्या पावसाळ्यात त्यांच्या टेबलावर अर्धी घासलेली पितळी सुरांची पट्टी आणि कानस तशीच पडली होती. मला ती उचलवेना. लोक सांत्वनाला यायचे, चांगलं बोलायचे, आणि मला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. तेव्हा ‘अ फ्रॅजाइल किंग’ मी रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून ऐकत असे. एका मुलाने बापासाठी केलेला तो आकांत आहे. महिनाभराने ती पट्टी मी पूर्ण केली आणि गिऱ्हाइकाला पेटी दिली.

तुमच्या मुलीच्या मनात काय आहे ते मला इथून कळणार नाही, तुम्हाला तिच्याजवळ बसून कळेल. तिला म्हणा, ‘ड्रेकोनियन टाइम्स’चं पहिलं गाणं लाव, ‘एन्चान्टमेंट’. ते पियानोने सुरू होतं, पहिल्याच मिनिटाला कान दुखणार नाहीत. मग तिला विचारा, मॅकिंटॉशची गिटार कुठली ती दाखव. ती लगेच दाखवेल.