गट फोडायचा नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. स्मारकाची दगडरास तासाभरावर राहिली असताना धारेवर वारा चढला, धुक्यात वाट दिसेनाशी झाली, सोबतच्या मुलीची बोटे इतकी गारठली की तिला जाकिटाची चेनही ओढता येईना, आणि नेमक्या त्या वेळी चौघे दमदार गडी म्हणाले, 'तुम्ही इथे थांबा, आम्ही फुले वाहून येतो.' तू सगळ्यांना घेऊन खाली उतरलास. आता ते तुला भित्रा म्हणतात आणि तुझे तुलाच वाटू लागले आहे की त्यांना जाऊ द्यायला हवे होते.

नाही. गट फोडायचा नाही.

'इथे थांबा' हे शब्द किती घातक आहेत, याचा त्या चौघांनी क्षणभरही विचार केलेला नाही. चालताना स्नायूंची ऊब असते. भिजल्या कपड्यांनी वाऱ्यात थांबलेला माणूस काही मिनिटांतच कुडकुडू लागतो. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की विचारशक्ती मंदावते, बोलणे अडखळते, आणि तोच माणूस 'मी ठीक आहे' असे सांगत राहतो. पुढे थरथर थांबते, ती बरे वाटते म्हणून नव्हे, तर शरीर हरू लागते म्हणून. अशा माणसाजवळ कोणाला ठेवणार होतास? आणि त्यांचा तो 'एक तास' कुठला? ताशी पाच किलोमीटर आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ सालचा हिशेब धडधाकट माणसाचा आणि बऱ्या हवेचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे त्यांना सांग.

दगडरास कशासाठी रचतात, हेही त्यांना विचार. १९५३ साली काराकोरममधल्या के-टू शिखरावर साडेसात हजार मीटरहून अधिक उंचीवर अमेरिकन गिर्यारोहक आर्ट गिल्की यांच्या पायात रक्ताची गुठळी झाली. वादळ चालू होते, त्यांना खाली उतरवणे जवळजवळ अशक्य आहे हे सातही सोबत्यांना कळत होते, तरी त्यांना तिथेच सोडून कोणी निघाले नाही. उतरताना गिल्की नाहीसे झाले, बहुधा हिमप्रपातात; बाकीचे परतले, आणि पायथ्याशी गिल्की यांच्या स्मरणार्थ दगड रचले गेले. अशा राशीकडे जाताना गारठलेल्या सोबतिणीला वाटेत बसवून ठेवायचे, हे मला पटत नाही आणि कधी पटणार नाही.

मलाही हटवादी म्हटले गेले आहे. एका खिंडीतून सगळ्यांना परत आणले म्हणून माझ्या जुन्या सोबत्याने अबोला धरला आणि तो अबोला त्याच्याबरोबरच गेला. त्या अबोल्याची खंत अजून आहे, पण त्या दिवशी तो ज्याला मागे सोडायला निघाला होता, तो माणूस माझ्याबरोबर खाली चालत आला होता. मी आणखी काय करायला हवे होते?

तेव्हा समजूत काढण्यात वेळ घालवू नकोस. पुढच्या वेळी किती वाजता मागे फिरायचे ते निघण्यापूर्वीच सर्वांसमोर ठरव, सर्वांत सावकाश चालणाऱ्याला तुझ्या मागोमाग ठेव आणि त्या चौघांतल्या सर्वांत दमदार गड्याला शेवटी चालायला सांग. ते काम त्याला कमीपणाचे वाटले, तर त्याला नेऊ नकोस.

तुझा,
एक जुना डोंगरभटक्या